पद्मिनीतील एमपीएफआय इंजिन आणि "ईसीयू बदला" हा सल्ला

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. प्रीमियर पद्मिनीमध्ये मारुती जिप्सीचे १.३ लिटरचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे) इंजिन बसवल्यावर गाडी मध्येच बंद पडत असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बदलावा, तापत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकावा, आणि इंजिन आधुनिक असल्यामुळे बाकीच्या गाडीला हात लावण्याची गरज नाही, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. यातील एकही सल्ला टिकणारा नाही, कारण असे इंजिन बहुधा चालू स्थितीतील गाडीतून ईसीयूसह काढलेले असते. नवा असतो तो त्याचा जुन्या गाडीशी झालेला जोड, आणि दोष प्रथम तिथेच शोधला पाहिजे.

पहिला मुद्दा ईसीयूचा. पद्मिनीचे मूळ वायरिंग ठिणगीची कॉइल, दिवे, हॉर्न आणि वायपर यांच्या गरजेपुरते होते, तर आता त्यावर इंजेक्टर, पेट्रोलचा विद्युत पंप आणि पंखा यांचा भार पडतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसत असल्याने इंजिनाचा ब्लॉक, बॉडी आणि बॅटरी यांना जोडणारी जाड अर्थिंगची पट्टी आवश्यक असते, आणि ती रंगावर आवळली तर असून नसल्यासारखीच. स्टार्टर फिरत असताना मल्टीमीटरचे एक टोक ब्लॉकवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर धरावे. पाव व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक दिसला तर दोष अर्थिंगचा आहे, ईसीयूला दोष देण्याचे कारण उरत नाही. काही गाड्यांत स्टार्टर व्यवस्थित फिरतो, पण इंजिन पकडते ते किल्ली सोडतानाच. याचा अर्थ ईसीयूचा पुरवठा अशा तारेवरून घेतला आहे, जी किल्ली स्टार्टवर असताना बंद होते. दोन्ही स्थितींत चालू राहणाऱ्या टोकावरून रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच) चालवून, फ्यूजसह थेट बॅटरीतून पुरवठा दिला की हा दोष जातो.

पेट्रोलचा तर त्या मजकुरात उल्लेखच नाही. पद्मिनीच्या मूळ कार्ब्युरेटरला (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला) पेट्रोल अगदी कमी दाबाने पुरते. इंजेक्शनला साधारण अडीच ते तीन बार दाब लागतो, शिवाय टाकीकडे परतणारी नळीही लागते. जुन्या टाकीतील गंजाने फिल्टर तुंबला तर गाडी आयडलवर, म्हणजे उभ्या जागी, उत्तम चालते आणि चढावर गुदमरते. टाकी पावपेक्षा कमी भरलेली असताना वळणावर झटका बसत असेल, तर पेट्रोल एका बाजूला सरून पंप हवा ओढतो आहे. म्हणून प्रेशर गेज लावून दाब मोजायचा तो गाडीवर भार असताना.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. थर्मोस्टॅट नसेल तर मोकळ्या रस्त्यावर इंजिन पुरेसे गरमच होत नाही, तापमानाचा सेन्सर ईसीयूला इंजिन थंड असल्याचे सांगत राहतो, ईसीयू जादा पेट्रोल सोडत राहतो, आणि ॲव्हरेज घसरून प्लग काळे पडतात. मूळ दोष मात्र जागच्या जागी राहतो. तो शोधण्यासाठी गाडी केव्हा तापते हे पाहावे. मुंबईच्या वाहतुकीत तापते आणि महामार्गावर थंड राहते, तर पंखा उलटा फिरतो आहे, त्याचे आच्छादन नाही किंवा त्याचा रिले काम करत नाही. उलट वेगात तापते आणि उभी असताना थंड राहते, तर रेडिएटर लहान आहे किंवा तुंबला आहे. रेडिएटरचे तोंड सिलिंडर हेडपेक्षा खाली आले असेल तर आत हवा अडकते. ती काढायला सर्वांत उंच जागी ब्लीड, म्हणजे हवा सोडायची वाट, द्यावा लागतो.

ईसीयूतील दोष वाचणाऱ्या स्कॅनरने "मिश्रण पातळ" (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असा कोड दाखवला म्हणून एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर बदलणेही घाईचे ठरते. अशा कामात एक्झॉस्ट बहुधा नव्याने वेल्ड केलेला असतो. सेन्सरच्या आधीच्या जोडातून हवा आत शिरली की सेन्सर मिश्रण पातळ असल्याचे सांगतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो.

उरला "बाकीच्या गाडीला हात नको" हा दावा. पद्मिनीच्या मूळ १,०८९ सीसी इंजिनाची शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास होती, जिप्सीच्या या इंजिनाची ८०. चारही चाकांचे ड्रम ब्रेक मात्र तेच. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, त्यामुळे आरटीओकडे चौकशी इंजिन उतरवण्याआधीच केली पाहिजे.