तोंडावरचा मास्क म्हणजे ‘शेवटचं मशीन’ नव्हे

लातूर-बीडकडच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मास्कचं मशीन लावलं की माणूस गेला समजा, सही करू नका, नुसता ऑक्सिजन मागा.’ हे चूक आहे, आणि घातकही.

ते मशीन म्हणजे बायपॅप. घशात नळी नाही. घट्ट मास्कातून हवेचा दाब, श्वास घेताना जास्त, सोडताना कमी. चुलीपुढं जन्म गेलेल्या आजीचा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुना आजार, बळावतो तेव्हा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते. भरमसाट ऑक्सिजननं तो आणखी वाढू शकतो. म्हणून अशा पेशंटच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण (बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर दिसतं ते) ८८ ते ९२ टक्क्यांतच ठेवतात. वेळेत लावलेल्या बायपॅपनं नळी टाकायची वेळ आणि मृत्यू, दोन्ही कमी होतात.

पहिला तास अवघड, हे खरं. ‘काढ की रे, जीव गुदमरायलाय,’ म्हणत आजी पट्टा ओढते, नातवाला कळवळा येतो, तो मास्क काढून टाकतो. घोळ होतो तो तिथंच. हात धरून बसा, सिस्टरला बोलवा. तासा-दोन तासांनी रक्त तपासून फरक बघतात. नाही पडला, तर मात्र नळीला उशीर करायचा नसतो.