‘मुंबईत गाडी बदलायला वीस मिनिटं पुरे’ म्हणे!

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी तीन ग्रुपांवर तोच मेसेज आला. सोसायटीच्या, शाळेच्या वर्गमित्रांच्या आणि मावसभावंडांच्या. वर रेल्वे इंजिनाचं चित्र, खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा : ‘मुंबईत गाडी बदलायची म्हणून दोन गाड्यांत चार-चार तास ठेवून स्टेशनवर ताटकळू नका. दादरला सगळ्या गाड्या थांबतात. मध्य रेल्वेच्या पाच नंबरला उतरा, पूल चढा, पश्चिमेला उतरा, वीस मिनिटांत काम. दोन्ही तिकिटांचे पीएनआर जोडून घ्या, मग पहिली गाडी लेट झाली तरी दुसरी तुमच्यासाठी थांबवतात. ॲपवर गाडी वेळेवर दिसली की निर्धास्त राहा. आणि चुकलीच, तर त्याच तिकिटावर पुढच्या गाडीत बसता येतं.’ शेवटी नेहमीचं ‘प्रत्येक प्रवाशापर्यंत पोहोचवा’.

मी पोहोचवला नाही. दादरला तीस वर्षं राहतोय, निम्म्या सोलापूरच्या बॅगा मी या स्टेशनवर उचलल्या आहेत, त्यामुळे उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

सुरुवात ‘सगळ्या गाड्या दादरला थांबतात’ इथून करू, कारण बाकीचा घोळ यातूनच निघतो. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात मुंबई म्हणजे मनमाड किंवा दौंडसारखं जंक्शन आहे. एका फलाटावर उतरायचं, चहा घ्यायचा, दुसऱ्या फलाटावरून पुढे जायचं. पण मुंबईत दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापले रूळ आणले आणि आपापल्या टोकाला नेऊन संपवले. बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी गेली ती जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. गुजरातकडून किनाऱ्याकिनाऱ्याने आली ती बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. एकीची आज मध्य रेल्वे झाली, दुसरीची पश्चिम. दोघींचे रूळ दादरला शेजारी शेजारी आहेत, पण ते शेजारी असण्यापुरतंच. नागपूर-सोलापूरकडची गाडी येणार सीएसएमटीला, दादरला किंवा एलटीटीला, म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनसला. गुजरातची गाडी बहुतेक वेळा सुटणार मुंबई सेंट्रलहून किंवा वांद्रे टर्मिनसहून. आणि त्यातल्या प्रत्येक गाडीला दादरचा थांबा असतोच असं नाही. एलटीटीला संपणारी गाडी तर दादरपर्यंत येतच नाही, ती कुर्ल्यालाच वळते. तिकिटावर ‘मुंबई’ वाचून माणूस समजतो एकच गाव. गाव एकच आहे हो, स्टेशनं पाच आहेत.

यावर माझीच फजिती सांगतो. माझी मावशी आणि काका सोलापूरहून रात्रीच्या गाडीने आले होते. त्यांना मुलीकडे सौराष्ट्रात जायचं होतं आणि पुढची गाडी होती वांद्रे टर्मिनसहून. मध्ये सव्वा तास. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आली, तरी पन्नास मिनिटं हातात होती. मी दादरला गेलो, त्यांच्या दोन बॅगा आणि कडक भाकरी-शेंगाचटणीची पिशवी पुलावरून पलीकडे नेली, बोरिवलीकडची लोकल पकडून दिली. सकाळची वेळ, उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलला गर्दी नसते, त्यामुळे बसायलाही मिळालं. म्हणालो, “काका, तिसरं स्टेशन वांद्रे, तिथं उतरा.” आणि मी ऑफिसला गेलो.

वीस मिनिटांनी फोन. “अरे, इथं नुसते कपड्याचे ठेले आणि रिक्षावाले आहेत. गाडी कुठाय?” ते पश्चिमेला बाहेर पडले होते, जिकडे सगळे पडतात तिकडे. वांद्रे टर्मिनस पूर्वेला आहे आणि वांद्रे लोकल स्टेशनपासून सामान घेऊन चालत जावं असं अजिबात नाही. ते खारच्या बाजूला सरकलेलं आहे. पुन्हा जिना, पुन्हा पूल, पूर्वेला रिक्षाची रांग. ते टर्मिनसच्या फलाटावर पोहोचले तेव्हा शेवटच्या डब्यामागची ती मोठी पिवळी फुली त्यांना लांब लांब जाताना दिसली. मावशी नंतर महिनाभर मला “मुंबईकर” म्हणत होती, आणि ते कौतुक नव्हतं.

खरं तर मी त्यांना आणखी एक स्टेशन पुढे, खारला उतरा म्हणायला हवं होतं. खारच्या दक्षिण टोकाकडून थेट वांद्रे टर्मिनसवर उतरणारा पूल आहे. मला तो माहीत होता. फक्त त्या वेळी तोंडातून ‘वांद्रे’च आलं, कारण टर्मिनसच्या नावात वांद्रे आहे. तीस वर्षं राहूनसुद्धा. मग पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला ‘वीस मिनिटं’ सांगणाऱ्याला काय म्हणावं? एलटीटीचंही तसंच. जुनी मंडळी अजून ‘कुर्ला टर्मिनस’ म्हणतात आणि पाहुणा इमानाने कुर्ल्याला उतरतो. लोकलने जायचं तर हार्बर मार्गावरचं टिळकनगर स्टेशन त्याला जास्त जवळ आहे.

आता तो ‘पाच नंबर’. मेसेज किती जुना आहे हे यातच कळतं. पूर्वी दादरला एकेक नंबर दोन-दोनदा होता, मध्यचा पाच वेगळा आणि पश्चिमचा पाच वेगळा, आणि नवखा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून चौदापर्यंत सलग नंबर दिले. आता एक ते सात पश्चिमेकडे, पुढचे मध्यकडे. म्हणजे सोलापूरच्या गाडीतून उतरून कोणी ‘पाच नंबर कुठाय’ विचारलं, तर लोक त्याला सरळ पूल चढवून पश्चिम रेल्वेवर धाडतील.

आणि पूल. हा मुद्दा मला जरा सविस्तर मांडायचा आहे, कारण वीस मिनिटं हा आकडा कोणीतरी दुपारी अडीच वाजता, खांद्याला लॅपटॉपची बॅग लावून, पुलाजवळच्या डब्यातून उतरून काढलेला आहे. तसा तर मीही सात मिनिटांत जातो, त्यात काही नाही. पण लांब पल्ल्याची बावीस-चोवीस डब्यांची गाडी अर्धा किलोमीटरहून लांब असते. तुमचा डबा माटुंग्याच्या टोकाला लागला की परळच्या टोकाला, यावर पाच-सात मिनिटं तिथेच जातात. गाडी थांबते दोन-तीन मिनिटं. दारात आधीच सामानाची भिंत असते. खाली उतरल्यावर ट्रॉलीच्या चाकांना फलाटाचा उतार मानवत नाही. मग जिना. सरकते जिने आहेत, पण ज्या पुलाला आहेत तो नेमका तुमच्यासमोर असेलच असं नाही. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी सहाच्या पुढे त्या पुलावर तुम्ही चालत नाही, गर्दी तुम्हाला नेते. बॅग डोक्यावर घेतलेल्या, हाताला नातू धरलेल्या बाईला ती कुठे नेईल सांगता येत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला, दादरच्या पुढच्याच स्टेशनावर, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. त्या स्टेशनाचं नाव आता प्रभादेवी झालं आहे. मी गर्दीच्या वेळी पाहुण्यांना पुलावर ‘पळा पळा’ म्हणत नाही, ते तेव्हापासून.

मेसेज लिहिणाऱ्याला रविवारही माहीत नसावा. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, दिवसा चार-पाच तास. फास्ट लोकल स्लोच्या रुळावर, काही गाड्या रद्द, हार्बरवर काही भागात बंदच. शनिवारी संध्याकाळी तो जाहीर झालेला असतो, पण यवतमाळच्या माणसाने तो का वाचावा?

पीएनआर जोडण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त धोक्याचा. १ एप्रिल २०१९ पासून दोन तिकिटं अशी जोडता येतात, प्रवाशांची नावं वगैरे तपशील दोन्हीकडे सारखे असले की. पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचं भाडं रद्दीकरणाचे पैसे न कापता परत मिळतं, आणि त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांत हालचाल करावी लागते. खिडकीचं तिकीट असेल तर खिडकीवर जाऊन, ऑनलाइन असेल तर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून. एवढंच. दुसरी गाडी तुमच्यासाठी थांबत नाही. का थांबावी? तिच्यात हजार-बाराशे लोक बसलेत आणि तिच्या मागे सिग्नलवर दुसरी उभी आहे. आणि परतावा म्हणजे पैसे, जागा नव्हे. मे महिन्यात किंवा गणपतीत तो परतावा खिशात घालून दादरच्या बाकावर बसून बघा, काय करता येतं त्याचं.

‘त्याच तिकिटावर पुढच्या गाडीत बसा’ याला एका ओळीपेक्षा जास्त उत्तर नको. आरक्षित तिकीट त्या गाडीचं आणि त्या तारखेचं. दुसऱ्या गाडीत तुम्ही विनातिकीट, भाडं अधिक दंड, आणि दंड किमान २५० रुपये.

ॲपबद्दल मात्र मी मेसेजवाल्याला थोडं माप देईन, ॲप बघावंच. फक्त काय बघतोय ते कळायला हवं. बऱ्याच गाड्यांना वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात जास्तीची वेळ दिलेली असते. म्हणून कल्याणला वीस मिनिटं लेट असलेली गाडी सीएसएमटीला कधी कधी अगदी वेळेवर पोहोचते आणि लोक खूश होतात. उलटंही होतं. कल्याणपासून कुर्ल्यापर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्यांना पाचवी-सहावी मार्गिका आहे. कुर्ल्याच्या पुढे त्या लोकलच्या रुळांवर येतात. सकाळच्या गर्दीत एकदा उशीर झालेली गाडी मग सायन-माटुंग्याच्या आसपास लोकलमागे उभी राहते, आणि ॲप तोवर ‘वेळेवर’च्या जवळपासचं काहीतरी दाखवत असतं. पावसाळ्यात तर सगळंच वेगळं. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की ॲपला काय कळणार? कोकण रेल्वेचं जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्यांचा वेग कमी, वेळा बदललेल्या. उन्हाळ्यात पाठ केलेली वेळ तेव्हा चालत नाही.

मग करायचं काय, असं वर्गमित्रांच्या ग्रुपवर एकाने चिडून विचारलं. मुंबईत शक्यतो गाडी बदलूच नका. मजेने म्हणत नाही. नाशिककडून पुण्याकडे जायचं तर कल्याणला बदला, तिथं कसाऱ्याचा आणि कर्जतचा रस्ता फुटतो, ते खरंखुरं जंक्शन आहे. कोकणात जायचं तर ठाणे किंवा पनवेल. गुजरातकडून कोकणात जाणाऱ्या गाड्या वसईहून दिवा-पनवेलकडे वळतात, त्या मुंबईत शिरतच नाहीत. आणि मुंबईतच बदलायची तर तीन तास, सामान-म्हातारी माणसं असतील तर चार. सीएसएमटीहून मुंबई सेंट्रलला जायचं असेल तर हल्ली भुयारी मेट्रो आहे, ऑक्टोबर २०२५ पासून. दोन्ही ठिकाणी मेट्रोचं स्टेशन आहे, मुंबई सेंट्रलच्या स्टेशनाला जगन्नाथ शंकरशेठांचं नाव दिलंय. ज्या माणसाने या शहरात रेल्वे यावी म्हणून खटपट केली, त्याच्या नावाचं स्टेशन पावणेदोनशे वर्षांनी त्या दोन टोकांना जोडतंय, हे मला आवडलं. पण रात्री उशिराच्या किंवा पहाटेच्या गाडीला ती मेट्रो उपयोगाची नाही, तेव्हा टॅक्सीच.

एक गोष्ट मेसेजात नाहीच, आणि ती सगळ्यांत जास्त गाड्या चुकवते. तुतारी एक्स्प्रेस दादरहून सावंतवाडीला सुटते ती रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे तारीख बदललेली असते. आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी त्या गाडीने गणपतीला गावी निघाले. सात तारखेचं तिकीट. सात तारखेला रात्री जेवून, मखराचं थर्माकोल चादरीत गुंडाळून, बायको-मुलांसह साडेअकराला स्टेशनवर. सामान वाहायला मीही होतो. गाडी लागली, डबा सापडला, बर्थवर दुसरंच कुटुंब. दोन्हीकडून तिकिटं बाहेर निघाली, आवाज चढले. टीसीने शेजाऱ्यांचा मोबाइल हातात घेतला, तारीख पाहिली, घड्याळ पाहिलं, आणि जरा हळूच म्हणाला, “काका, तुमची कालच गेली.”