पास झालेल्या पोरीचे क्रेडिट धरत नाहीत म्हणे

दुपारी बहिणीचा फोन आला तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसले. पोस्ट मोठी आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढं जावं.

भाची बी.ए. सेकंड इयरला आहे, तालुक्याच्या कॉलेजात. नाव घेत नाही, तिला अजून तिथंच वर्ष-दीड वर्ष काढायचंय. मेजर, म्हणजे मुख्य विषय, अर्थशास्त्र. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुख्य विषयाबाहेरचा निवडीचा विषय, दुसऱ्या फॅकल्टीचं लागतं हे पोरीनं स्वतःच वाचून काढलं, अन् कॉलेजात जे ठेवलंय त्याला शिकवायलाच कोणी नाही म्हणून तिनं 'स्वयम' या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचा अकाउंटिंगचा 12 आठवड्यांचा कोर्स केला. घरात रेंज येत नाही, गच्चीवर येते. भांडीकुंडी उरकून रात्री गच्चीवर, अंगावर चादर, कानात माझा जुना इअरफोन ज्याची एकच बाजू वाजते. असाइनमेंट सगळ्या भरल्या, परीक्षेला पहाटेच्या एसटीनं नांदेडला गेली, पास झाली. सर्टिफिकेटवर 3 क्रेडिट छापून आलेले. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप, ठरलेले तेवढे जमले की डिग्री. आमच्या अख्ख्या खानदानाच्या ग्रुपवर फिरलं ते.

अन् आज कॉलेज ऑफिसच्या खिडकीवर सांगितलं, हे धरता येत नाही. का? तर आधी अर्ज करून परवानगी घेतली नव्हती. अन् दुसरं कारण ऐका, आमच्या ओपन इलेक्टिव्हच्या रकान्यात 2 क्रेडिटच बसतात, हे 3 चं आहे. म्हणजे पोरगी जास्त शिकली म्हणून शून्य! कमी शिकली असती तर बसलं असतं का? आता म्हणे कॉलेजच्या विषयाचा बॅकलॉग दाखवणार.

बरं, हे सगळं कोणत्या धोरणात चाललंय? तर नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, ज्यात विद्यार्थ्याला आवडेल ते शिकू द्या म्हणून गावभर डंका पिटला त्यात. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठांवरच्या केंद्राच्या आयोगानं, 2021 लाच सांगून ठेवलंय की एका सेमिस्टरला 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून घेऊ देता येतात. त्याच वर्षी ती अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स काढली, पोरांनी कमावलेले क्रेडिट त्यांच्या नावावर जमा राहणार म्हणून. जमा राहतील हो, पण काढायला गेलं की खिडकीवरचा माणूस ठरवणार चालतात का नाही ते. आमच्याकडं जिल्हा बँकेत पैसे अडकलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

या धोरणाचा राज्याचा जीआर 2023 चा, आपल्याकडच्या साध्या संलग्न कॉलेजांत हे सुरू झालं 2024-25 पासून. मेजर, मायनर, ओई म्हणजे तेच ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे व्हीएससी अन् एसईसी, भाषेचं एईसी, मूल्यशिक्षणाचं व्हीईसी, भारतीय ज्ञानपरंपरेचं आयकेएस, खेळ-एनएसएससारखं सीसी, पुढं ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचं शिक्षण, असे विषयांचे डबे. तीन वर्षांच्या डिग्रीला 120 ते 132 क्रेडिट, अन् प्रत्येक डब्यात ठरलेले तेवढेच पडले पाहिजेत, एका डब्यात जास्त झाले म्हणून दुसऱ्यात चालत नाहीत. हे एफवायच्या पोराला ॲडमिशनच्या दिवशी कोण इस्कटून सांगतं? कोणी नाही. सीएचबीवरचे, म्हणजे तासाच्या पैशावर शिकवणारे सर तीन कॉलेजांत तास घेत पळतायत, त्यांना स्वतःला अजून त्याचा नीट पत्ता लागलेला नाही. त्यांच्यावर राग नाही माझा.

राग कशाचा येतो सांगू का? थिअरीच्या 1 क्रेडिटला 15 तास शिकवणं असं नियमात आहे. आमच्या भागातल्या किती कॉलेजांत ते 15 तास खरंच होतात, मनावर हात ठेवून सांगा. झेरॉक्सच्या दुकानात चाळीस रुपयांच्या नोट्स मिळतात, त्या परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायच्या, झाले क्रेडिट. झाडाला पाणी घालतानाचा फोटो फाईलला लावला, तेही झाले. ते सगळं धरतात! अन् जी पोरगी थंडीत गच्चीवर बसून डेबिट-क्रेडिट शिकली, नांदेडला जाऊन कॅमेऱ्याखाली परीक्षा देऊन आली, तिचं तेवढं धरत नाहीत. बहिणीला तर वाटलं पोरीनंच काहीतरी घोळ घातला, ती तिलाच बोलली. पोरगी जेवली नाही आज.

मान्य आहे, काहीतरी नियम पाहिजे. नाहीतर कोणीही कुठूनही पैसे देऊन सर्टिफिकेट आणेल, तसली दुकानं निघालेलीच आहेत. पण 'स्वयम' हे केंद्र सरकारचंच आहे ना? सरकारचं सर्टिफिकेट सरकारमान्य कॉलेजला चालत नाही, मग आम्ही कोणाचं आणायचं?

आता जरा शांत झाले. चहा घेऊन आले.

एक गोष्ट मात्र कबूल करते की यातलं सगळंच वाईट नाही. जमा क्रेडिट 7 वर्षं टिकतात. आपल्याकडं कारखाने सुरू झाले की आईबापासोबत ऊसतोडीला जाणाऱ्या पोरी, एफवायनंतर लग्न लावून दिलेल्या पोरी, त्या दोन-तीन वर्षांनी परत आल्या तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणी अशाच सुटल्या, तेव्हा हे असतं तर आज कोणी मास्तरीण असती. म्हणून तर जास्त जीव जळतो. अन् एका वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं तर नुसते 40 क्रेडिट पुरत नाहीत, वरून 4 क्रेडिटचा स्किल कोर्स नाहीतर इंटर्नशिप लागते, हे त्या पोरीला लग्नाच्या आधी कोणी सांगणार आहे का? का तीही दोन-तीन वर्षांनी त्याच खिडकीवर जाऊन उभी राहणार?

माझ्या फ्रेंडलिस्टीत विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावरची, सिनेटवरची दोन-चार मंडळी आहेत. त्यांनी इथं बदाम टाकू नयेत. जूनमध्ये प्रत्येक कॉलेजच्या बोर्डावर मराठीत एक कागद लागला पाहिजे, की 'स्वयम'चे अमुक कोर्स अमुक रकान्यात धरू, परवानगीचा अर्ज इथं अन् या तारखेपर्यंत, 3 चं 2 मध्ये बसवायचं तर असं बसवू. एवढंच. त्याला ना अनुदान लागतं ना समिती.

भाचीचा अर्ज मी आज लिहून दिलाय, प्राचार्यांच्या नावानं, प्रत विद्यापीठाला. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको म्हणलंय तिला. अन् ज्यांची पोरं आता एफवायला आहेत त्यांनी आजच पोराला सरकारचं डिजिलॉकर ॲप उघडायला लावा अन् एबीसीत, म्हणजे त्या क्रेडिटच्या बँकेत, किती क्रेडिट पडले ते बघा. रिकामं दिसलं तर निकालाची वाट बघत बसू नका, सोमवारी जाऊन विचारा.