लिनक्सवर बोर्ड डिझाइन होत नाही म्हणणाऱ्यांना

गोव्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: किकॅड हे सर्किट बोर्ड आखण्याचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर म्हणजे छंदाचं खेळणं आहे, त्यात तांब्याच्या दोन थरांपलीकडे जाता येत नाही, कारखाने त्याच्या फायली घेत नाहीत, त्यात पार्ट मिळत नाहीत, लिनक्सवर ते धड चालत नाही, आणि त्यावर शिकलेल्याला नोकरी नाही. शेवटी सल्ला, मोठ्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत टाका आणि कामाला लागा. फोंडा, डिचोली, पेडणेकडच्या ज्या घरात एकच जुना लॅपटॉप आहे तिथे हा सल्ला पटकन पटतो. म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी दोन थरांबद्दल. ही अट किकॅडची नव्हेच. ईगल या बोर्ड आखण्याच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत दोन थर आणि 80 चौरस सेंटिमीटर एवढीच मुभा होती. ती आठवण किकॅडच्या माथी मारलेली दिसते. किकॅडमध्ये तांब्याचे 32 थर घेता येतात. 1992 साली ज्याँ-पिएर शारास यांनी फ्रान्समध्ये ते सुरू केलं. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला. नवा ट्रॅक, म्हणजे तांब्याची वाट, ओढताना आड येणारे ट्रॅक बाजूला सरकवणारा राउटर तिथल्या कामातूनच आला. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या कंप्यूट मॉड्यूल 4 चा आयओ बोर्ड, म्हणजे बाहेरच्या जोडण्या देणारा बोर्ड, पाहा. त्यावर एचडीएमआय आहे, पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट आहे, म्हणजे जोडीने धावणारे, लांबी जुळवावी लागणारे ट्रॅक आहेत. त्याच्या डिझाइन फायली किकॅडमध्येच खुल्या केलेल्या आहेत. त्या उतरवून घ्या आणि एकेक थर बंद करत पाहा. खेळण्यात असं काम होत नाही.

कारखाना फाइल घेत नाही, हे तर समजुतीतलंच चुकलं आहे. कारखान्याला किकॅडची फाइल लागत नाही आणि इतर कुठल्या सॉफ्टवेअरचीही सहसा लागत नाही. प्रत्येक थराचा आराखडा देणारी गर्बर फाइल आणि भोकांसाठी एक्सेलॉन ड्रिल फाइल एवढं मागतात, आणि किकॅड ते देतं. ऑर्डर परत येते ती वेगळ्या कारणांनी: ड्रिल फाइल जोडायची राहिली, गर्बर आणि ड्रिलचा आरंभबिंदू जुळला नाही, किंवा बोर्डाची बाहेरची रेघ कुठेतरी तुटकी राहिली. किकॅडसोबत येणाऱ्या गर्बव्ह्यूमध्ये सगळ्या फायली एकावर एक ठेवून पाहिल्या की हे घरीच सापडतं. कारखान्याची किमान ट्रॅक-रुंदी आणि अंतरं आधीच किकॅडच्या डिझाइन नियमांत भरा, मग तपासणी चालवा. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि ते टाळणाऱ्याला महागडं सॉफ्टवेअरही वाचवत नाही.

पार्टांच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे. सोबतची लायब्ररी मोठी असली तरी आपल्या बाजारातला प्रत्येक रिले, प्रत्येक टर्मिनल तिच्यात नसतो. मग पार्टची मापं देणारी डेटाशीट पाहून फूटप्रिंट, म्हणजे बोर्डावरची त्याची जागा, स्वतः काढायचा, कागदावर एकास एक प्रमाणात छापायचा आणि प्रत्यक्ष पार्ट त्यावर ठेवून पिना जुळवायच्या. कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पंपासाठी बोर्ड करत असाल तर शुगर क्यूब रिलेच्या (छोट्या चौकोनी रिलेच्या) पिना अशाच तपासा. तिथे खरी काळजी दुसरीच आहे. 230 व्होल्टच्या बाजूचे ट्रॅक आणि मायक्रोकंट्रोलरची बाजू यांत पुरेसं अंतर हवं, आणि आपल्या पावसाळ्याची दमट हवा, बोर्डावर साचणारी धूळ लक्षात घेता मधे खाच कापलेली बरी. ही खाच किकॅडमध्ये बोर्डाच्या कडेच्याच थरावर काढतात. वरून संरक्षक लेप द्या. ही समज कुठल्याही परवान्यासोबत विकत मिळत नाही, म्हणून शिकवताना वेळ इथे घालवावा असं मला मनापासून वाटतं.

लिनक्सवर किकॅड उत्तम चालतं. डेबियन, उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या सॉफ्टवेअर भांडारांतच ते आहे. फ्रीबीएसडी या वेगळ्या प्रणालीवरसुद्धा आहे. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नसलेल्या लॅपटॉपला विंडोज 11 अधिकृतपणे मिळत नाही. अशा यंत्रांना लिनक्स नवं आयुष्य देतं. अडचणी दोन आहेत आणि त्या लपवू नयेत. डेबियन 12 च्या मूळ भांडारात किकॅडची 6 वी आवृत्ती आहे, तर 9 वी फेब्रुवारी 2025 मध्ये आली. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुनीत उघडत नाही. गटाने काम करताना सगळ्यांनी फ्लॅटपॅकमधून, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालणाऱ्या पॅकेजमधून, एकच आवृत्ती घ्यावी. दुसरी अडचण वेलँडची, म्हणजे लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेची: त्यावर कर्सर आणि खिडक्यांची जागा बिनसते, म्हणून लॉगिनच्या वेळी एक्स11 ही जुनी व्यवस्था मिळत असेल तर ती निवडा. सर्किट आधी पडताळायचं असेल तर एनजीस्पाइस हा सर्किट संगणकावर चालवून पाहणारा प्रोग्राम किकॅडच्या आतच आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी या शिक्षणासाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचं ईसिम हे सर्किट डिझाइनचं सॉफ्टवेअर याच दोहोंवर उभं आहे.

नोकरीबद्दल. मोठ्या कंपन्यांत अल्टियम किंवा कॅडन्स ही महागडी सॉफ्टवेअर वापरतात, हे खरं आहे. पण ग्राउंड प्लेन, म्हणजे ग्राउंडचा सलग तांब्याचा भाग, कुठे तोडू नये, चिपचा वीजपुरवठा स्थिर ठेवणारा डीकपलिंग कपॅसिटर पिनेला किती खेटून हवा, हे जाणणाऱ्याला नवे मेनू शिकायला फार दिवस लागत नाहीत. क्रॅकचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. शिकत्या पोरांना या वाटेला लावणं मला अजिबात मान्य नाही.

ज्यांच्याकडे ईगलमधली जुनी कामं पडून आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. ऑटोडेस्कने ईगल बंद करण्याची तारीख 7 जून 2026 जाहीर केली आहे. त्या फायली किकॅडमध्ये आयात होतात. आयात झाल्यावर थरांची नावं आणि तांब्याचे भरलेले भाग एकदा तपासा, नियमांची तपासणी चालवा आणि मगच जतन करा.