पत्र्याआडची इमारत आणि न ठोकता येणारा खिळा

अमेरिकेतल्या छोट्या शहरांच्या मेन स्ट्रीटवरची जुनी दुकानं ऐतिहासिक ठरवायची का, हा वाद निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: "इमारतीला ५० वर्षं झाली की ती ऐतिहासिक झालीच. पण दुकानाचं तोंड बदललं असेल तर बाद. आणि एकदा यादीत नाव गेलं की मालकाला खिळा ठोकायलाही सरकारला विचारावं लागतं." तीन दावे, तिन्ही चुकीचे.

वयाचं आधी उरकून टाकू. १९६६च्या कायद्याने आलेल्या नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे केंद्राच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत, ५० वर्षं हा सर्वसाधारण उंबरठा आहे, पात्रता नव्हे. पुढे दोन प्रश्न असतात: इमारतीला महत्त्व कशामुळे, आणि ते दिसण्याइतकी ती शाबूत आहे का. तिथे कुणी थोर माणूस राहून गेलेला असावा असं काही नाही. गावाची बाजारपेठ कशी वाढली हे रांगेतली दुकानं मिळून सांगत असतील, तर तेवढं स्थानिक महत्त्वही पुरतं.

तोंड बदलल्याचा दावा अनेक इमारतींच्या मुळावर येतो. काच, दार, पाटी दर पिढीत बदलतेच. त्यामुळे नजर वर न्यावी. खिडक्यांच्या कमानी, विटांची नक्षी, माथ्यावरची कॉर्निस (पुढे आलेली नक्षीदार पट्टी) जागेवर असेल तर बदललेला तळमजला सहसा आड येत नाही. खरी पंचाईत १९५०-६०च्या दशकांत अख्ख्या दर्शनी भागावर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. तो असेपर्यंत आतली भिंत कितीही धड असली तरी अर्ज सहसा टिकत नाही. पण म्हणून इमारत बाद झाली असं नाही. आधी पत्रा उतरवावा लागतो.

उतरवण्याआधी वरच्या मजल्यावर आतून जा आणि खिडक्यांच्या चौकटी आहेत का बघा. सॅनबॉर्न कंपनीचे जुने अग्निविमा नकाशे काढा: गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड. दुकानाच्या कडेच्या खांबाला लोहचुंबक लावा. चिकटला तर रंगाखाली बिडाचा खांब असू शकतो, आणि पायथ्याशी अनेकदा ओतशाळेचं नाव ओतलेलं सापडतं. मग कडेचा एकच पत्रा सोडवून आत डोकवा. पत्रा धरणाऱ्या सांगाड्याच्या बोल्टांची भोकं बुजवता येतात. पत्रा सपाट बसावा म्हणून कॉर्निस आणि कमानींचे पुढे आलेले भाग छाटले असतील, तर मात्र ते गेलं ते गेलं. १९३०च्या दशकातली रंगीत काचेची दर्शनी बाजू दिसली तर ती उखडू नका. तो बदल आता स्वतःच इतिहास आहे.

आता तो खिळा. खाजगी मालक स्वतःच्या पैशाने, केंद्राची परवानगी न लागणारं काम करत असेल, तर नॅशनल रजिस्टर त्याला काहीच अडवत नाही, इमारत पाडण्यापासूनसुद्धा नाही. अडवतो तो शहराचा स्वतःचा वारसा नियम, आणि तो वेगळा कागद आहे. "लँडमार्क" हा एकच शब्द दोन्हीकडे वापरल्याने हा गोंधळ होतो. शिवाय एकट्या इमारतीच्या खाजगी मालकाने रीतसर लेखी हरकत घेतली तर ती रजिस्टरमध्ये जातच नाही.

उलट उत्पन्न देणाऱ्या इमारतीला मान्य खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते, पाच वर्षांत विभागून. अट अशी की खर्च इमारतीच्या समायोजित मूल्याहून (खरेदीची किंमत अधिक सुधारणा, वजा घसारा; जमीन वगळून) आणि ५,००० डॉलरहूनही जास्त हवा. मूल्य ८०,००० आणि खर्च १,२०,००० डॉलर असेल, तर सवलत २४,०००, म्हणजे दरवर्षी ४,८००.

ही सवलत हातची जाते ती बहुधा घाईने. आराखडा मंजूर होण्याआधीच विटांवर वाळूचा मारा करून रंग काढला, की विटेची भाजलेली कडक साल निघते आणि ती पाणी पिऊ लागते. मऊ चुन्याच्या सांध्यांत कडक पोर्टलंड सिमेंट भरलं, तर ओल सांध्यातून निघायची ती विटेतून निघते आणि थंडीत विटेचे पापुद्रे सुटतात. या दोन्ही कामांवर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.