मुंबईतला कॉर्बिलॉन चषक स्पंजने जिंकलेला नाही

‘1952 साली मुंबईत जपानने टेबल टेनिसचं जग जिंकलं ते एका माणसाच्या स्पंजच्या बॅटवर. हिरोजी सातो नसता तर जपान रिकाम्या हाताने परतला असता.’ त्या जागतिक स्पर्धेचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. मला ते दर वेळी टोचतं, कारण त्यात दोन बायकांचा पराक्रम पुसला जातो.

सातोने पुरुष एकेरी जिंकली आणि त्याच्या बॅटवर जाड स्पंज होता, हे खरं. दाणेदार रबरावर चेंडू लागला की ‘टक्’ आवाज येतो, त्यावरून समोरचा फटक्याचा जोर ओळखतो. सातोचा फटका मुकाट यायचा. भले भले गोंधळले.

पण जपानने मुंबईत चार विजेतेपदं मिळवली. पुरुष दुहेरी फुजिई-हायाशी यांची, महिला दुहेरी शिझुकी नाराहारा आणि तोमिए निशिमुरा यांची. चौथं महिला सांघिक, म्हणजे कॉर्बिलॉन चषक. या तिन्हींत सातो टेबलापाशीही नव्हता.

‘सातोने संघ तारला’ हे तर साफ चूक. तो ज्या पुरुष संघात होता, त्याला स्वेथलिंग चषक, म्हणजे पुरुष सांघिक विजेतेपद, मिळालाच नाही. तो हंगेरीने नेला. त्या चषकाच्या लढतीत तेव्हा प्रत्येक संघाचे तीन खेळाडू, नऊ एकेरी सामने. जिंकायला पाच लागत आणि एकजण फार तर तीन जिंकणार. स्पंज कितीही मुका असो, हिशेब जमत नाही. जपानचं मुंबईतलं एकमेव सांघिक विजेतेपद महिलांचं आहे! कॉर्बिलॉनमध्ये चार एकेरी आणि एक दुहेरी सामना असे, आणि संघातल्या नाराहारा-निशिमुरा तर दुहेरीतली जगज्जेती जोडी.

‘समोर कोणी तगडं नव्हतं’ असंही वर चिकटवलं जातं. 1950 आणि 1951 ला चषक रुमानियाकडे होता. त्यांची अँजेलिका रोझेआनू मुंबईतही एकेरीची विजेती ठरली. सलग सहांपैकी ते तिचं तिसरं विजेतेपद.

आणि हा चषक काही दुय्यम नव्हता. मार्सेल कॉर्बिलॉन या फ्रेंच गृहस्थांनी तो दिला. डिसेंबर 1933 मध्ये पॅरिसला भरलेल्या स्पर्धेत जर्मनीच्या महिलांनी तो पहिल्यांदा जिंकला. मूळ चषक महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हरवला, मग प्रतिकृती घडवली गेली. पुढे तो युरोप-अमेरिकेतच फिरत राहिला. आशियाई संघाकडे पहिल्यांदा आला तो मुंबईत, नाराहारा आणि निशिमुरा यांच्या हातून.