अप म्हणजे वर?

आमच्याच मजल्यावर राहणारी सातवीतली मुलगी परवा संध्याकाळी इंग्रजीची वही घेऊन आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर गुण कमी मिळाल्याच्या दुःखापेक्षा अन्याय झाल्याचा राग अधिक होता. भाषांतराच्या प्रश्नात 'ही गेव्ह अप स्मोकिंग' या वाक्यापुढे तिने सुवाच्य अक्षरात 'त्याने धूम्रपान वर दिले' असे लिहिले होते आणि त्याखालच्या 'ईट अप युवर टिफिन' या वाक्यापुढे 'तुझा डबा वर खा' असे. दोन्हींवर लाल फुली होती. "काकू, अप म्हणजे वर असंच पहिल्यापासून शिकवलंय ना? मला वाटलं, गच्चीवर जाऊन खा," असे तिचे म्हणणे होते, आणि मला ते रास्त वाटले. पहिलीत शिडीच्या चित्राखाली दिलेला अर्थ सातवीपर्यंत कोणी दुरुस्तच केला नसेल, तर मुलाने धूम्रपान वर द्यायचे नाही तर काय करायचे?

माझे रोजचे काम भाषांतराचे आहे आणि इंग्रजीतील मोठ्या शब्दांनी मला फारसे कधी छळलेले नाही. मोठ्या शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो कोशात सापडतो. छळतात ते हे असे दोन-तीन अक्षरी शब्द. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ सालच्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या चिमुकल्या शब्दाची होती. तिच्यात सुमारे ४३० अर्थ दिलेले होते. असे आकडे पुढे करून 'इंग्रजी ही किती वेडी भाषा' असे हसण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते हसणे पटत नाही. त्याचे कारण पुढे येईलच, पण आधी अप हा शब्द आपल्या गावात काय करतो ते पाहू.

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला तरी अप म्हणजे वर नव्हे हे वेगळे सांगावे लागू नये. आपल्या स्थानकात अप गाडी म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी आणि डाउन म्हणजे कल्याणकडे जाणारी. ही पद्धत इंग्रजांच्या रेल्वेची. त्यांच्याकडे लंडनकडे जाणारी दिशा ती अप. इथे लंडनच्या जागी मुंबई आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ३४ किलोमीटर धावत ठाण्याला आलेली पहिली प्रवासी गाडी आजच्या हिशेबाने डाउन गाडीच होती. खरी गंमत मात्र कसाऱ्याच्या पुढे आहे. तिथे इगतपुरीचा घाट दर ३७ मीटरला एक मीटर असा चढतो, गाडीला मागून जादा इंजिने लावून ढकलावे लागते, आणि अशी धापा टाकत डोंगर चढणारी गाडी कागदोपत्री डाउन असते. घाट उतरून खाली येते ती अप. म्हणजे या शब्दाचा संबंध उंचीशी नसून मोठेपणाशी आहे. आपली बोली इथे जमिनीला अधिक धरून आहे असे मला वाटते, कारण आपण घाटावर जातो आणि कोकणात उतरतो, मग कोकणातले गाव कितीही मोठे असो. अर्थात, रोज नाशिकहून ठाण्याला येणारा माणूस 'मी अपडाउन करतो' असे सांगतो, तेव्हा त्यात वरही उरत नाही आणि खालीही उरत नाही. उरते ती नुसती ये-जा.

हे सारे त्या मुलीला सांगून उपयोग नव्हता. तिला दोन गुण परत हवे होते. मी काय सांगावे याचा विचार करत असतानाच समोरच्या दारातून तिच्या आईची हाक आली, "दूध गार होतंय गं, पिऊन टाक आधी!" उत्तर त्या हाकेतच होते. मी तिला विचारले, "आई 'दूध पी' म्हणाली नाही, 'पिऊन टाक' म्हणाली. त्यातलं टाक म्हणजे काय? दूध फेकायचं का?" ती हसली आणि म्हणाली, "नाही, म्हणजे सगळं पी. संपव." मी म्हटले, "मग इंग्रजीतली आई इथे ड्रिंक अप म्हणेल." तिने स्वतःच वही ओढून 'तुझा डबा खाऊन टाक' असे लिहिले. गिव्ह अपला थोडा वेळ लागला, पण गिव्ह म्हणजे देणे आणि त्याला टाकणे जोडले की देऊन टाकणे होते, आणि जे देऊन टाकले त्यावरचा आपला हात सुटला, इथपर्यंत ती आल्यावर 'सोडून दिले' हे शब्द तिच्याच तोंडून आले.

माझे म्हणणे एवढेच आहे की मराठी मुलांना अप शिकवायचा तर तो 'वर' या शब्दाने शिकवू नये, आपल्या संयुक्त क्रियापदांनी शिकवावा. कागद फाडून टाक, टाकी भरून टाक, अहवाल लिहून काढ, पसारा आवरून घे, या प्रत्येक ठिकाणी इंग्रजी माणूस क्रियापदापुढे अप ठेवतो. त्याला जे एका शब्दात करावे लागते, ते आपण टाकणे, काढणे आणि घेणे यांत वाटून दिले आहे. 'लिहून टाक' म्हणजे एकदाची कटकट संपव आणि 'लिहून काढ' म्हणजे बसून नीट पूर्ण कर, हा फरक मराठी मुलाला कोणी न शिकवता कळतो. ज्या मुलाला तो कळतो, त्याला मार्गदर्शकातील क्रियापदांच्या याद्या पाठ करायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

आता हसण्याविषयी. आमच्या कार्यालयातील एक तमिळभाषक सहकारी गेले वर्षभर चिकाटीने मराठी शिकत आहेत. 'जरा चहा टाक' हे वाक्य त्यांनी प्रथम ऐकले, तेव्हा त्यांनी आपला भरलेला कप झाकून धरला होता. मूल शाळेत टाकतात, दुकान टाकतात, गादी टाकतात, मत टाकतात, रोप मान टाकते आणि माणूस सुस्कारा टाकतो, हे त्यांना एकेक करून समजावताना मला प्रथमच जाणवले की सेटच्या ४३० अर्थांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. (ही पोस्टही मी टाकतेच आहे.)

नात्यागोत्याची एक गोष्ट भाषांतर करणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. इंग्रजी अप ऐकला की अपमान, अपयश, अपकीर्ती यांतला आपला अप आठवतो आणि एक चढवतो तर दुसरा पाडतो, याचे नवल वाटते. पण हे दोघे एकमेकांचे कोणी नव्हेत. आपल्या अपचा इंग्रजी भाऊबंद आहे ऑफ. अपहरण या शब्दाचे तुकडे केले तर 'कॅरी ऑफ' हेच हाती येते. इंग्रजी अपचा भाऊबंद आहे आपला उप, म्हणजे जवळ. मुंजीत बटूला गुरूजवळ नेतात म्हणून ते उपनयन. सभेला कोणी 'टर्न अप' झाला तर मराठीत तो उपस्थित राहिला, म्हणजे जवळ येऊन उभा राहिला. लॅटिनमधला सब हाही याच कुळातला, आणि सबर्ब या शब्दात तोच बसलेला आहे. म्हणून आपल्या उपनगरीय गाडीच्या नावात अपचा एक जुना नातेवाईक मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही पाट्यांवर प्रवास करत असतो, मग गाडी डाउन का असेना.

वही मिटता मिटता त्या मुलीने माझी चांगलीच अडचण केली. "मग काकू, गेट अप म्हणजे 'मिळवून टाक' का?" मी म्हटले, नाही, गेट अप म्हणजे उठ. "त्यात टाक कुठे आहे?" टाक नव्हतेच. उठणे हा शब्द संस्कृतातल्या उत् आणि स्था यांच्यापासून आलेला. उत् म्हणजे वर आणि स्था म्हणजे उभे राहणे. उडणे आणि उचलणे यांतला उ देखील त्याच उत्चा आहे. इथे अप म्हणजे सरळ वरच आणि तो आपण शब्दाच्या आरंभीच बसवून ठेवला आहे, हे मी तिला शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. तिने ते मन लावून ऐकले, वहीतल्या लाल फुलीकडे एकवार पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे बाईंचं पण थोडं बरोबर होतं."